नऊ नंबरच्या खाटेवरचे रडणे

लिहावे असे माझ्याजवळ काही नाही, हे मी संपादकांना दोनदा कळवले होते. तिसऱ्यांदा नाही म्हणण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून हा मजकूर. आयुष्यात मी नेमाने लिहिले ते एकाच वहीत. पाळी बदलताना पुढच्या परिचारिकेसाठी जी नोंदवही लिहावी लागते, तिच्यात. तिथे एका रुग्णाच्या वाट्याला दोन ओळी येतात: ताप किती, सलाईन किती गेले, लघवी झाली की नाही. तिसरी ओळ लिहिली तर पुढची कुरकुर करते. एवढ्या तोकड्या सरावावर दिवाळी अंकाची पाने अडवणे मला संकोचाचे वाटते. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

परिचारिकाही मी उशिराच झाले. मराठी विषय घेऊन बी.ए. केले, लग्न झाले, आणि बाराव्या वर्षी यजमान गेले. ते शिक्षक होते. शाळेतून आले, पाणी मागितले, आणि मी तांब्या भरून आणीपर्यंत सगळे संपले होते. विधवांना वयाची अट शिथिल होती, म्हणून परिचर्येच्या वर्गात जागा मिळाली. वर्गातल्या मुली मला काकू म्हणत. त्यानंतर पहिली नेमणूक झाली ती तीस खाटांच्या एका ग्रामीण रुग्णालयात. आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यातच होता; हिंगोली जिल्हा वेगळा व्हायला अजून दोन-तीन वर्षे होती. गावाचे नाव लिहीत नाही. पुढे जी चूक सांगणार आहे ती माझी आहे, गावाची नाही.

बाहेरच्या माणसाला आमचे काम म्हणजे सुया टोचणे वाटते. खरे काम ऐकण्याचे असते, आणि तेच आम्हाला कुणी शिकवलेले नसते. आमच्याकडे मनाचे दुखणे घेऊन कधी कुणी आले नाही. लोक छातीतली धडधड घेऊन येत, डोक्यातल्या मुंग्या घेऊन येत. 'कसंतरीच होऊन राहिलं' ही तर रोजची तक्रार. केसपेपरवर त्याचे एका शब्दात 'अशक्तपणा' होई, आणि अशक्तपणाला लाल गोळ्या असत.

शिरड शहापूरकडचे एक आबा दर बाजाराच्या दिवशी रक्तदाब मोजायला येत. पत्नी गेल्यापासून त्यांना ही सवय लागली होती. स्टुलावर टेकण्याआधीच बाही वर सरकवलेली असे. रक्तदाब एखाद्या तरुणाचा असावा तसा. 'अगदी बरोबर आहे' म्हटले की त्यांचा चेहरा उतरे.

"पुन्यांदा बघा बरं शिष्टर. मशीन थंडी असंल."

मी पुन्हा पट्टा बांधी. होता होता माझ्या ध्यानात आले, की त्यांना आकड्याशी काही देणेघेणे नव्हते. त्यांचा दंड धरणारे जगात दुसरे कुणी उरले नव्हते. मग मी तो रबरी फुगा अगदी सावकाश दाबू लागले. आमच्या कक्षातल्या सेविका कौसामावशी फरशी पुसता पुसता म्हणत, "जा आबा, शिष्टरनं सायकलीच्या ट्यूबवानी हवा भरली तुमच्यात. आता आठ दिस फिकीर न्हाई."

पण फुगा सावकाश दाबण्याचे हे शहाणपण माझे उपजत नव्हे. ते मला नऊ नंबरच्या खाटेवर मिळाले, आणि त्याची किंमत दुसऱ्याच बाईने मोजली.

तिचे नाव सोमलाबाई. आमच्यापासून सहा-सात किलोमीटरवरच्या बंजारा तांड्यातली. आरशांची ओढणी, मनगटापासून कोपराच्याही वर पांढऱ्या बांगड्या. सलाईन लावायला शीर सापडेना, म्हणून मी त्या बांगड्या वर सरकवून पट्टीने बांधल्या. तेव्हाही तिने माझ्याकडे पाहिले नाही. तिचा नवरा हिरामण पायाशी उकिडवा बसला होता.

"बोलून न्हाई राहिली बाई. दोन महिने झाले. भाकर फुडं ठिवली तर दोन घास खाते, मंग हात तसाच ऱ्हायते ताटात."

तिची एकुलती मुलगी सुनिता सासरच्या शेतात निंदताना साप चावून गेली होती. निरोप मिळताच ही माणसे जीपने निघाली. पण कयाधू नदीला पूर होता, आणि जीप अलीकडेच अडकली. रात्रभर ती काठावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर पलीकडे गेली, तोवर सगळे उरकले होते. सोमलाबाई परतली ती मुकी होऊनच. तांड्यातल्या बाया तिच्याभोवती बसून रडल्या. ती रडली नाही.

रक्त तपासले, छातीचा फोटो काढला, सगळे बरोबर निघाले. आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केसपेपरवर अशक्तपणाच लिहिला, आणि खरे सांगायचे तर त्यांच्याजवळ दुसरा शब्द नव्हता.

चौथ्या दिवशी, दसरा होऊन आठवडा उलटला असेल, सकाळच्या पाळीत मी औषधांच्या कपाटाशी होते. कक्षातून एकाएकी मोठा आवाज उठला. उंच, हेल काढलेला, ताल धरल्यासारखा. मी धावले. नऊ नंबरच्या खाटेवर एक अनोळखी बाई सोमलाबाईच्या गळ्यात पडली होती. दोघींच्या डोक्यांवरून एकच ओढणी होती. त्या ओढणीखालून एक आवाज गाणे म्हणावे तसा रडत होता, आणि त्याच्या मागून दुसरा, घोगरा, दोन महिने न वापरलेला आवाज निघू लागला होता. सलाईनची नळी ताणली गेली होती. शेजारच्या खाटेवरचे चार दिवसांचे बाळ दचकून रडू लागले. दारात बघ्यांची गर्दी जमली.

कक्षात शांतता राखणे हे माझ्या शिक्षणातले पहिले वाक्य होते. शिवाय माझा स्वतःचा स्वभाव. यजमान गेले तेव्हा मी कुणासमोर रडले नव्हते. 'किती सावरून आहे' असे सगळे म्हणाले, आणि मला त्याचा अभिमान होता. मला ते दृश्य पाहवले नाही. मी त्या बाईचा हात धरून तिला ओढून काढले आणि कक्षाबाहेर नेऊन सोडले. मग डॉक्टरांकडे जाऊन सांगितले, "सर, नऊ नंबरची रुग्ण बेभान झाली आहे." त्यांनी झोपेचे इंजेक्शन सांगितले. आदेश त्यांचा होता, असे मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला समजावले. पण बेभान हा शब्द माझा होता.

दहा मिनिटांत सोमलाबाई झोपली. मी वहीत लिहिले, 'रुग्ण शांत आहे.' सुवाच्य अक्षरात.

ती बाई दुपारपर्यंत बाहेर लिंबाखाली बसून होती. दोनदा दाराशी आली, दोनदा मी 'झोपली आहे' म्हणून परत पाठवली. तिसऱ्यांदा ती आली नाही.

पाळी संपताना कौसामावशींनी बादली खाली ठेवली आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांचे शेत तांड्याला लागून होते, त्यामुळे तिथल्या चालीरीती त्यांना घरच्यासारख्या ठाऊक होत्या.

"शिष्टर, राग नका येऊ देऊ. काहून हाकललं त्या बाईला?"

"मावशी, रुग्णाला झटका आला असता. किती आरडाओरडा!"

"झटका? आवं, ती जमना. सोमलीची सख्खी भैन. त्या भेटून राहिल्या व्हत्या."

"भेटताना कुणी असे रडते?"

"त्यायच्यात तशीच भेट ऱ्हायते. लई दिसानं बाया भेटल्या की आधी गळ्यात पडायचं आन् रडायचं. नुसतं भँ करून न्हाई. बोलून बोलून. काय काय झालं, कोन गेलं, कुठं दुखते, समदं सुरात सांगायचं. एकीनं सांगायचं, थांबायचं, मंग दुसरीनं. समदं सांगून झालं की तोंड पुसायचं, पानी प्यायचं, आन् मंग इचारायचं, जेवली का. त्याच्या आधी जेवली का बी इचारत न्हाईत."

मी हातातली वही मिटली.

"जमना लांब रस्त्याच्या कामावर व्हती. तिला निरोप आत्ता घावला. सुनिता दोघींच्या मांडीवर वाढलेली. सोमली आजारी असताना वरीसभर जमनीनंच पाजलं तिला. गावातल्या बाया कितीक रडल्या, पर त्या रोजच्याच. सोमली हिचीच वाट बघून राहिली आसंल. आन् आज दुपारी जमनाची उसाची टोळी निंगाली. आता गुढीपाडव्याशिवाय येत न्हाई ती."

मग त्या बादली उचलत म्हणाल्या, "तोंड उघडलं व्हतं वो तिनं. दोन महिन्यानं."

दुसऱ्या दिवशी सोमलाबाई जागी झाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आता ती दोन घासही घेईना. हिरामण तिला घरी घेऊन गेला.

त्या हिवाळ्यात मी माझ्या सुटीच्या दिवशी तांड्यावर जाऊ लागले. अर्ध्या वाटेपर्यंत जीप, पुढे पायी. हे कर्तव्यापोटी केले असे लिहिले तर शोभेल, पण ते खरे नाही. मला झोप लागत नव्हती. मी तिच्याशेजारी बसे, नाडी पाही, दूधभात भरवण्याचा प्रयत्न करी. एकदा धीर करून पुस्तकातले वाक्य बोलले, "सोमलाबाई, दुःख बोलून दाखवले की हलके होते." माझ्या तोंडून ते व्याख्यानासारखे निघाले. शेजारी तूर सोलत बसलेल्या बायांनी एकमेकींकडे पाहिले. एक म्हातारी अगदी मायेने म्हणाली, "बाई, तुला येते का?"

परत येऊन कौसामावशींना हे सांगितले तर त्या हसल्या. "रडायची परीक्षा ठिवली तर तुमी बी.ए. असून नापास व्हताल, शिष्टर."

तिचे वजन उतरत चालले होते. कंबरेचा घागरा दोरीने बांधावा लागे. ती पाडव्यापर्यंत टिकेल का, हे मला कळेना. शेवटी हिरामणला समजावून मी दोघांना बसने नांदेडला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. वाटेत हिरामण सारखा विचारी, "बाई, येड्याच्या डॉक्टरकडं काहून? माही बायको येडी न्हाई." मी म्हणाले, "वेडी नाही म्हणूनच नेत आहे." हे उत्तर मला कसे सुचले, ठाऊक नाही.

ते डॉक्टर वयस्क होते. त्यांनी मला सगळे विचारले, आणि मी सगळे सांगितले, माझ्या इंजेक्शनसकट. मला वाटले, रागावतील. ते म्हणाले, "गोळ्या देतो. त्या न चुकता द्या, मध्येच सोडू नका. त्यांनी झोप येईल, भूक येईल, ती तगेल. बहीण कधी येते आहे?"

"पाडव्यानंतर."

"तोवर तगली पाहिजे. तुमचे काम तेवढेच."

पुढच्या मंडळींसाठी हे स्पष्ट लिहिते, कारण अंगारे-धुपारे करून गोळ्या फेकून देणारी माणसे मी पुष्कळ पाहिली: त्या गोळ्यांनी ती जगली. तीन आठवड्यांनी तिने हातात भाकरी धरली. माघात ती दारात उन्हाला येऊन बसू लागली. बोलत मात्र नव्हती.

पाडवा झाला आणि उन्हाळा अंगावर आला. सोमलाबाईला ताप आला, म्हणून हिरामणने तिला आमच्याकडे आणून टाकले. नऊ नंबरचीच खाट मोकळी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी कौसामावशी धापा टाकत आल्या. "टोळी आली! ट्रक फाट्यावर उभा हाय."

तासाभराने जमनाबाई कक्षाच्या दारात आली. प्रवासाची धूळ तशीच होती, उजव्या हाताला चिंधी गुंडाळलेली. तिला बहीण दिसत होती, दहा पावलांवर. तरी ती उंबऱ्याच्या आत आली नाही. माझ्याकडे पाहून, पदर सावरून, अपराधी माणसासारखी म्हणाली,

"बाई, रडू का? का भायेर घिऊन जाऊ तिला?"

वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत मला पुष्कळ जणांनी पुष्कळ बोल लावले. त्यातला एकही इतका लागला नाही.

मी म्हणाले, "इथेच. हवे तितके." मग चाकांचा हिरवा पडदा ओढून नऊ नंबरच्या खाटेभोवती लावला. शेजारच्या बायांना सांगितले, "थोडा आवाज होईल. बहिणी भेटत आहेत." एक बाळंतीण म्हणाली, "होऊ द्या शिष्टर, माझं लेकरू बी रोजच बोंबलून राहिलं, त्याला कोन सुई देते?" ती सहज बोलली, मला मात्र ते बोचले.

कक्षाचे दार लावून मी बाहेर उभी राहिले. आतून तो आवाज उठला. आधी एकटा. बराच वेळ एकटाच. तो सांगे आणि थांबे, पुन्हा सांगे आणि थांबे. थांबण्याची जागा रिकामीच राही. त्या दिवशी इंजेक्शन देऊन मी त्यांची ही रीत मोडली, ती कायमचीच, असे वाटले.

नेमके तेव्हाच डॉक्टर फेरीला आले.

"दार का लावले आहे, सिस्टर? आणि हा काय प्रकार?"

मी आयुष्यात वरिष्ठांपुढे खोटे बोलले नव्हते. "सर, नऊ नंबरचे ड्रेसिंग चालू आहे. थोडे थांबावे लागेल."

"नऊ नंबरला तापच आहे ना? कसले ड्रेसिंग?"

"मोठे आहे, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. भले गृहस्थ होते. म्हणाले, "बरे. मी आधी पुरुष कक्ष करून येतो."

त्यांची पाठ वळली आणि आतली रिकामी जागा भरली. घोगरा, फाटका आवाज. आधी अक्षरे नव्हती, मग झाली. त्यांची भाषा मला समजत नव्हती, पण 'सुनिता' समजले. पुन्हा, पुन्हा समजले. मग दोघी आळीपाळीने, मग एकदम. पाऊण तास मी त्या दाराला पाठ लावून उभी होते. कौसामावशी जवळच भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पाणी भरून ठेवलेला तांब्या मांडीवर धरला होता, आणि त्या पदर तोंडात धरून रडत होत्या.

आवाज थांबल्यावर मावशी पाणी घेऊन आत गेल्या. मी मागून. सोमलाबाईने पाणी प्यायले, ओढणीने तोंड पुसले, आणि बहिणीचा चिंधी गुंडाळलेला हात स्वतःच्या हातात घेतला. "हे काय झालं?" एवढेच तिने विचारले असावे. जमना म्हणाली, "कोयता लागला." सोमलाबाईने माझ्याकडे वळून, मराठीत, सहा महिन्यांत प्रथमच मला उद्देशून म्हटले, "बाई, हिला पट्टी बांध."

मी पट्टी बांधली. डॉक्टरांना सांगितलेले ड्रेसिंग तेवढ्यापुरते खरे झाले.

ती त्या दिवशी बरी झाली, असे लिहिण्याचा मोह होतो. गोळ्या पुढे दीड वर्ष चालल्या. पुराच्या काठावर बसलेली माणसे तिला स्वप्नात दिसत. पण ती बोले, भांडे, बाजाराच्या दिवशी दाराशी येऊन 'बाई, हाय का?' म्हणून हाक मारी आणि मुठीतल्या ओल्या शेंगा टेबलावर ठेवून जाई. मग माझी वसमतला बदली झाली. ती हाक तिथेच मागे राहिली.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी हिंगोलीच्या बसस्थानकावर वसमतच्या गाडीची वाट पाहत होते. कुणीतरी मागून 'बाई!' म्हटले. वळून पाहते तर सोमलाबाई. केस पिकलेले, ओढणी तीच किंवा तशीच. मी नमस्कारासाठी हात जोडणार, तोच ती माझ्या गळ्यात पडली आणि ओढणी आम्हा दोघींच्या डोक्यांवर आली. भर दुपारी, भर स्थानकात, तिने तो सूर लावला. मला समजावे म्हणून मराठीत लावला.

"माही लेक गेली तवा तू दार धरून उभी राहिली गं बाई. तुव्हा मानूस गेला तवा तुव्हं दार कोनी धरलं गं?"

आणि ती थांबली.

माझ्याविषयी तिला कौसामावशींनी सांगितले असणार. ती थांबली, म्हणजे पाळी माझी होती. ओढणीच्या आत ऊन झिरपत होते, तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. बाहेर लोक पाहत असतील, असा विचार आला. वसमतची गाडी लागली, वाहकाने हाक दिली. ती अजून थांबलेली होती.

मी म्हणाले, "मी बरी आहे, सोमलाबाई."

तिने ओढणी काढली, आधी माझे कोरडे तोंड पुसले, मग स्वतःचे. "जेवली का?" तिने विचारले. मी हो म्हटले आणि गाडीत चढले. खिडकीतून पाहिले तेव्हा ती गर्दीत तशीच उभी होती.

आता मी घरीच असते. दुपारी फार शांत असते. तिला काय सांगायला हवे होते, ते आता मला येते. सूर नाही, पण शब्द जुळले आहेत: त्यांनी पाणी मागितले, मी तांब्या भरून आणला, तो कुणाला देऊ, असे मी त्या दिवसापासून विचारते आहे. सुरुवात एवढीच आहे. पुढचे तिच्या गळ्यात पडल्यावर येईल, असे वाटते. तांड्याची वाट मला अजून आठवते. कौसामावशी आता नाहीत, पण सोमलाबाई आहे, असे परवाच कळले.

सगळ्याच गोष्टी मी उशिरा सुरू केल्या. वाचकहो, इतक्या वर्षांनी गेले तर चालेल का?